दवाखान्यात आई-बाबांसोबत रात्री थांबताना: ते पडू नयेत म्हणून काय काय करायचं

इंदूरमधल्या मराठी घरातलं म्हातारं माणूस ॲडमिट झालं की पहिल्या तासातले फोन ठरलेले असतात. डॉक्टर कोण आहेत, कॅशलेस होतंय का, डबा रामबागेतून जाणार की सुदामा नगरातून. रात्री कोण थांबणार हे सगळ्यात शेवटी ठरतं आणि ज्याला दुसऱ्या दिवशी ऑफिस नाही त्याच्या गळ्यात पडतं. मी अनेक वर्षं वॉर्ड सांभाळला आहे, आणि माझं मत विचाराल तर आधी ठरायला हवं ते हेच. झोपेत बेडवरून खाली पडणारे पेशंट थोडे. बहुतेक जण पडतात ते बाथरूमला जायला एकटे उठल्यामुळे. न्यूमोनियासाठी आलेल्या आजी खुब्याचं ऑपरेशन करून घरी जातात, ते या एका उठण्यापायी. म्हणून पुढचं बरंचसं सांगणं बाथरूमभोवतीच फिरणार आहे.

भरती करतानाच सांगून टाका

वॉर्डात आल्यावर सिस्टर एक फॉर्म भरते. बऱ्याच ठिकाणी तो जॅनिस मॉर्स यांनी तयार केलेल्या 'मॉर्स स्केल'चा असतो. त्यात सहा गोष्टी विचारतात. गेल्या तीन महिन्यांत पडलात का, याचे २५ गुण. एकाहून जास्त आजार असतील तर १५. काठी-वॉकर लागत असेल तर १५, आणि भिंत-फर्निचर धरत चालत असाल तर ३०. सलाईन किंवा हाताला इंट्राकॅथ (औषधासाठी शिरेत घालून ठेवलेली बारीक नळी) असेल तर २०. चाल कशी आहे त्याचे शून्य ते २०, आणि आपल्याला किती झेपतं याचा अंदाज राहत नसेल तर १५. बहुतेक ठिकाणी ४५ च्या वर गेलं की धोका जास्त धरतात आणि हातात पिवळी पट्टी येते. आता हिशेब करा. दोन महिन्यांपूर्वी अंगणात पडलेल्या, मधुमेह असलेल्या, न्यूमोनियासाठी सलाईन चालू असलेल्या आजींचे चालण्याचा प्रश्न येण्याआधीच ६० होतात.

पण हे गुण खरे निघतात ते घरच्यांनी खरं सांगितलं तर. "नाही हो, आई सगळं स्वतःचं स्वतः करते," असं मुलगा अभिमानाने सांगतो. अंगणात पडल्याची गोष्ट आईने त्याला सांगितलेलीच नसते, सुनेला तेवढी माहीत असते. म्हणून फॉर्म भरताना घरात रोज त्यांच्यासोबत असणारं माणूस हजर हवं. उपचार कसे करावेत याच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये तर सांगितलं की गुणांच्या भरवशावर राहूच नका, भरती झालेल्या ६५ आणि त्यापुढच्या प्रत्येकाला धोका आहे असंच समजा. मला ते पटतं. गुण कमी आले म्हणून रात्री कुणी थांबलं नाही, असं व्हायला नको.

फॉर्ममध्ये नसलेल्या काही गोष्टी आपणहून सांगा. घरी रात्री किती वेळा उठतात आणि साधारण किती वाजता. कुठला पाय किंवा गुडघा कच्चा आहे. झोपेची गोळी घेतात का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का. मोतीबिंदू, ऐकायचं यंत्र. आणि बाबा रोज संध्याकाळी पेग घेत असतील तर तेही. पाहुण्यांसमोर नको असेल तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा, पण सांगाच. दारू एकदम बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भ्रम होतो, माणूस मध्यरात्री उठून चालू लागतो. आधी माहीत असेल तर डॉक्टरांना त्याची तयारी करता येते.

बेडची तपासणी

याला पाच मिनिटं लागतात. बेडच्या चाकांचे ब्रेक पायाने दाबून बघा आणि मग बेड ढकलून बघा, कारण एखादं चाक हमखास मोकळं असतं. बेडची उंची कमी करता येत असेल तर इतकी करा की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीवर टेकतील. पायथ्याशी बेड वर-खाली करायचे हँडल बाहेर आलेले असतील तर आत वळवा, नाहीतर नडगीला लागतात. चढण्यासाठी ठेवलेलं लोखंडी स्टूल पेशंट चढला की लगेच बाजूला सरकवा. रात्री अंधारात पाय त्याच्या कडेवर पडतो आणि ते उलटतं.

उतरायची बाजू ठरवा. शक्यतो ज्या बाजूचा पाय भक्कम त्या बाजूने उतरायचं, आणि बाथरूमही तिकडेच असेल तर उत्तम. बेल, पाणी, चष्मा, टॉर्च हे सगळं त्या बाजूला, हात न ताणता मिळेल असं. बेल भिंतीला लटकवलेली असते. ती उशीशी आणा, आणि आजींना एकदा स्वतः दाबायला लावा. वाजते की नाही तेही तेव्हाच कळतं.

आता तुमचं स्वतःचं अंथरूण. आपल्याकडे सोबतचा माणूस बेडशेजारी खाली सतरंजी टाकून झोपतो, ती नेमकी बेड आणि बाथरूमच्या वाटेत. आजी तुम्हाला उठवायचं नाही म्हणून तुम्हाला ओलांडून जातात. सतरंजी उतरण्याच्या बाजूलाच टाका, पण पाय टेकायची जागा सोडून, म्हणजे त्या उठल्या तर तुम्हाला कळेल आणि अडखळणार नाहीत. डबे, थर्मास, पिशव्या, मोबाईलच्या चार्जरची वायर बेडच्या पलीकडच्या बाजूला.

रेलिंग वर केली म्हणजे झालं का?

नाही. यावर नातेवाइकांशी मी सगळ्यात जास्त वाद घातला आहे. रेलिंग वर केली की सगळे निर्धास्त होतात. पण भानावर नसलेला, तरी हातापायांत बळ असलेला माणूस तिला अडथळा समजतो आणि ओलांडायला जातो. मग तो बेडच्या नाही, रेलिंगच्या उंचीवरून पडतो, तेही डोक्यावर. दांड्यांच्या फटीत हात-पाय अडकतात ते वेगळंच.

भूल उतरायची असताना, गुंगीत असताना, स्ट्रेचरवरून नेताना दोन्ही बाजू वर हव्यात. शुद्धीवर असलेल्या पेशंटला कूस बदलताना डोक्याकडची रेलिंग धरायला बरी पडते. पण गोंधळलेल्या आणि चालू शकणाऱ्या माणसाला चारी बाजूंनी कोंडू नका. बेड अगदी खाली घ्या, एक बाजू भिंतीला लावा, आणि माणूस शेजारी बसवा. हात बांधण्याचा उपाय कुणी सुचवला तर डॉक्टरांना कारण विचारा, किती वेळ ते विचारा, फाइलमध्ये लिहायला सांगा. बांधल्याने पडणं थांबतं असा अनुभव नाही. चिडचिड आणि भ्रम मात्र वाढतो.

बाथरूमचं वेळापत्रक

म्हातारपणी लघवीची भावना झाल्यावर थांबवायला मिळणारा वेळ फार थोडा असतो. सिस्टर येईपर्यंत पाच मिनिटं गेली तर आजींच्या दृष्टीने ती फार झाली. उपाय एकच, भावना होण्याआधी न्यायचं. जागेपणी दर दोन तासांनी विचारा. "जायचंय का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "चला, जाऊन येऊ," म्हणा. झोपण्यापूर्वी एकदा. रात्री त्या घरी दोनला उठत असतील तर तुमच्या मोबाईलवर पावणेदोनचा गजर लावा.

लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, चालू असेल तर त्याची वेळ सिस्टरला विचारून ठेवा. शिरेतून दिल्यावर पाच-दहा मिनिटांतच लघवी सुरू होते. गोळी घेतली तर तासाभरात, आणि तिचा जोर सहा-आठ तास राहतो. दुसरा डोस रात्री आठला असेल तर तो दुपारी चारच्या आत देता येईल का हे डॉक्टरांना राउंडच्या वेळी विचारा. हा प्रश्न विचारायला संकोचू नका. एवढ्याने अख्ख्या रात्रीच्या फेऱ्या वाचू शकतात.

सगळ्यात जपायची वेळ पहाटे साडेचार ते सात. पेशंट जागे होतात, रक्ताचे नमुने घ्यायला मुलं येतात, दिवे लागतात, रात्रीची सिस्टर फाइली पूर्ण करण्यात गुंतलेली असते. त्याच वेळी फिनाइलचं पोतेरं फिरतं. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, वॉर्डातही पुसायचा उत्साह दांडगा असतो. पुसलेली फरशी वाळायला दहा-पंधरा मिनिटं द्या, किंवा मावशींना सांगून बेडपासून बाथरूमपर्यंतचा पट्टा शेवटी पुसायला लावा. तेवढ्यात रात्रभर जागलेला भाचा "पाच मिनिटांत आलो" म्हणून पोहे-जलेबी खायला खाली उतरतो. उतरू दे, त्याशिवाय इंदूरच्या माणसाचा दिवस सुरू होत नाही. पण आधी आजींना बाथरूमला नेऊन आण, परत बेडवर बसव, सिस्टरला किंवा शेजारच्या बेडच्या माणसाला सांग, आणि मग जा.

संकोचाचं काय करायचं, हे कुठल्या फॉर्ममध्ये नसतं. सासऱ्यांना सून लघवीला घेऊन जाणं नको वाटतं. आईला मुलासमोर गाउन वर करणं नको वाटतं. "त्या पोरीला कशाला त्रास" म्हणून बेल दाबत नाहीत, आणि ती पोर म्हणजे पगारी नर्स असते. म्हणून रात्रीसाठी माणूस निवडताना नातं बघा. बाबांसोबत मुलगा, जावई किंवा पुतण्या. आईसोबत मुलगी, बहीण, किंवा जिच्याशी सलगी आहे ती सून. कुणीच नसेल तर रात्रीपुरती आया ठेवा, आणि त्या खर्चावरून घरात चर्चा झाली तर होऊ द्या.

बेडशेजारी कमोडची खुर्ची मिळते का ते विचारा, बहुतेक ठिकाणी मागितल्याशिवाय देत नाहीत. बाबांना युरिन पॉट हाताशी द्या आणि बसूनच करायला लावा. रात्री झोपेतून उठून उभं राहून लघवी करताना प्रेशर एकदम उतरून भोवळ येते, हे पुरुषांत नेहमी दिसतं. कॅथेटर (लघवीची नळी) घातला म्हणजे उठणार नाहीत असंही नाही. नळीमुळे लघवी लागल्यासारखं वाटत राहतं, मग उठायला जातात आणि नळीत पाय अडकतो. डायपरचंही तेच. आयुष्यभर बाथरूममध्ये गेलेला माणूस कपड्यात करायला तयार नसतो.

बाथरूमच्या आत: कडी लावू देऊ नका, दार लोटून बाहेर उभे राहा आणि बोलत राहा. आधी तुम्ही आत जा, जेटने ओली झालेली फरशी पुसा, बादली कोपऱ्यात सरकवा. उंबरा असेल तर "पाय उचला" असं दर वेळी सांगा. बद्धकोष्ठ असेल तर औषध मागा, कारण कुंथताना चक्कर येते.

उठवायचं कसं

घाईत हाताला धरून ओढू नका. आडव्या असलेल्या आजींना आधी कुशीवर वळवा, पाय बेडखाली सोडा, खांद्यामागे आधार देऊन बसवा. बसवल्यावर दोन मिनिटं तिथेच. या वेळात चष्मा घाला, चपला घाला, पावलं वर-खाली हलवायला सांगा. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ काही आहे का विचारा. असेल तर परत झोपवा आणि सिस्टरला बोलवा. ठीक असेल तर तुमची जागा त्यांच्या कच्च्या बाजूला, किंचित मागे. एक हात कमरेमागे, दुसऱ्या हाताने त्यांचा हात खालून धरायचा. काखेत हात घालून उचलू नका, त्यांना तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका. "नाकाची रेघ पायाच्या बोटांपुढे" इतकं वाकून मगच उठायला सांगा. उभं राहिल्यावर लगेच चालायचं नाही, आधी मनात दहा मोजायचे.

झोपलेलं असतानाचं प्रेशर आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतलं प्रेशर यांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं. सिस्टरला एकदा उभं करून प्रेशर मोजायला सांगा. एरवी ते झोपलेलंच मोजलं जातं.

सलाईन चालू असेल तर थोडा वेळ बंद करून, इंट्राकॅथला कॅप लावून घ्या. सलाईनचा स्टँड आधारासाठी नसतो, त्याची चाकं पुढे पळतात. पायात मागे पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल हवी. इंदूरच्या थंडीत पायमोजे घालून टाइल्सवर चालवणं म्हणजे घसरगुंडीच. लुगडं-साडी, लांब गाउन, लोंबता पायजमा आणि सुटलेला नाडा हे सगळं घोट्याच्या वर हवं. वॉकरची उंची म्हणजे हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेघेइतकी. काठी कच्च्या पायाच्या विरुद्ध हातात.

आणि चालताना त्या खचायलाच लागल्या तर उभं ठेवण्याचा हट्ट करू नका. दोघंही पडाल. त्यांना अंगाशी घ्या, तुमचा एक पाय पुढे करा, त्यावरून हळूहळू जमिनीवर बसवा. डोकं तेवढं सांभाळा.

गोळ्या

राउंडला एकच प्रश्न विचारा: "यातल्या कुठल्या गोळीने चक्कर किंवा झोप येते?" अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या गोळ्या, ट्रामाडोल, सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधं, प्रोस्टेटसाठीचं टॅम्सुलोसिन, प्रेशरच्या गोळ्या यांच्याकडे बघायला हवं. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. घरची झोपेची गोळी पर्समधून काढून देणं हा प्रकार मात्र थांबवा. इन्सुलिन घेऊन जेवण राहिलं तर साखर ७० च्या खाली जाते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी साखर तपासायला सांगा.

रात्रीचा भ्रम आणि भाषा

दिवसा नीट बोलणारे आजोबा रात्री "मला घरी जायचंय, गाडी आली" म्हणू लागतात. हे वेड नव्हे. संसर्ग, ताप, सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, न झालेली झोप, नवी गोळी यांतलं काही कारण असतं, आणि ते शोधायला डॉक्टरांना सांगावं लागतं. कळलं नाही तर लोक "वयामुळे होतं" म्हणून सोडून देतात. चष्मा, कानातलं यंत्र, कवळी परत द्या. दिवसा खिडकीशी बसवा. रात्री मंद दिवा राहू द्या. वाद घालू नका. "गाडीला वेळ आहे, तोवर बसू" म्हटलं तर बसतात.

अशा वेळी माणूस आपल्या मूळ बोलीवर येतो. पन्नास वर्षं हिंदीत बाजार केलेल्या आजी फक्त मराठी बोलतात, आणि समोरची सिस्टर केरळची किंवा झाबुआची असते. तुम्ही जवळ नसताना तिला कळावं म्हणून बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात हिंदीत कागद चिकटवा. उदाहरणार्थ: "रात २ और ५ बजे बाथरूम ले जाएँ। 'लघवी' बोलें तो पेशाब। दायाँ घुटना कमज़ोर। वॉकर और एक आदमी साथ। चश्मा ऊपर के ड्रॉअर में।" हे बालिश वाटेल, पण बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत १४ वॉर्डांमध्ये पेशंट आणि घरच्यांसोबत बसून असाच कागद भरायचा आणि बेडपाशी लावायचा प्रयोग झाला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले: पडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांनी आणि इजा होणारं पडणं ३४ टक्क्यांनी घटलं. त्यांचा भर कागद पेशंटला विचारून भरण्यावर होता. म्हणून आजी शुद्धीवर असताना तो त्यांच्याकडूनच सांगून घ्या.

पडतील म्हणून झोपवून ठेवू नका

धडधाकट म्हाताऱ्या माणसांनासुद्धा दहा दिवस बेडवर ठेवलं तर दोन्ही पायांचं मिळून जवळपास एक किलो मांस झडतं, असं प्रयोगात दिसलं आहे. आजारी माणसाचं काय होत असेल! डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर जेवण खुर्चीत बसूनच द्या, आणि दिवसातून दोन-तीन वेळा वऱ्हांड्यात चालवा. पाहुणे आले की फळं कापून देण्यापेक्षा त्यांनाच चालवायला पाठवा.

पडलेच तर

लगेच उचलू नका. आपली पहिली प्रतिक्रिया चार जणांनी मिळून उचलायची असते, आणि खुबा मोडला असेल तर त्यानेच हाड आणखी सरकतं. सिस्टरला हाक मारा. शुद्ध आहे का, मान दुखते का, डोक्याला लागलंय का बघा. एक पाय आखूड आणि पाऊल बाहेर वळलेलं दिसलं तर खुबा मोडल्याची शंका घ्यायची. कधी कधी मोडूनही पेशंट चार पावलं चालतो, म्हणून जांघेत दुखतं म्हणाल्या तर एक्स-रेचा आग्रह धरा. प्रेशर आणि साखर तिथेच तपासून घ्या, कारण पडण्याचं कारण त्यात असू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर "काही झालं नाही" म्हणून सोडू नका. सीटी स्कॅनबद्दल विचारा, आणि पुढचा दिवसभर जास्त झोपाळूपणा, उलटी, वाढती डोकेदुखी यांवर लक्ष ठेवा.

घटना फाइलमध्ये लिहायला सांगा. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या रुग्णालयांना अशा घटनांची नोंद ठेवावीच लागते. आरडाओरडा करून वॉर्डबॉयच्या अंगावर जाऊ नका. तसं झालं की पुढचा पेशंट पडल्यावर ते लपवतात, आणि वेळेवर तपासणी होत नाही. सगळे बसून तीनच गोष्टी ठरवा: कशासाठी उठल्या होत्या, किती वाजता, सोबत कोण होतं. त्यावरून वेळापत्रक बदला.

डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या यादीसोबत फिजिओथेरपीचे व्यायाम लिहून घ्या आणि ॲडमिट असताना पडल्या असतील तर समरीमध्ये तेही यायला हवं. घरी पहिले काही आठवडे हॉस्पिटलइतकेच जपायचे असतात. जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर बेड खाली आणा, आणि बाथरूममध्ये धरायचा दांडा आजी घरी येण्याआधीच बसवून घ्या. टॉवेलची दांडी त्यासाठी चालत नाही, ती भिंतीतून निघून हातात येते.